एका खांबदोऱ्याला दुसरा हवा होता

ज्यांची आडनावं जोशी, पाटील, कुलकर्णी असतात त्यांच्याकडे नातेवाईक टाळण्याचे किस्से असतात. आमच्याकडे नातेवाईक शोधण्याचे आहेत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तेव्हापासून मी ते सांगत आलेय. हळदीकुंकवाला, शाळेच्या स्टाफरूममध्ये, दवाखान्याच्या रांगेत. दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "खांबदोरे बाई, लिहून काढा ना हे!" लिहायला बसावं तर तोवर आणखी एक घडलेला असतो. हरवलेली वस्तू सापडेपर्यंत ज्याला स्वस्थ बसवत नाही अशा माणसाशी लग्न करून बघा, किस्से आपोआप साठतात. आमच्या ह्यांचं तर अख्खं घराणंच हरवलेलं होतं!

*

मी माहेरची ग्वाल्हेरची. आमच्याकडे चुलत, आते, मावस धरून साध्या बारशालासुद्धा शंभर पानं उठायची. माझे काका स्थळ बघायला भोपाळला आले, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. मुलगा इंजिनिअर, घरात फक्त वडील. आई तो लहान असतानाच गेलेली.

काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "मूळ गाव कुठलं आपलं?"

"पिपलानी," सासरे म्हणाले.

पिपलानी म्हणजे टाउनशिपचाच एक भाग. कारखाना यायच्या आधी तिथे नुसतं रान होतं. काका म्हणाले, "नाही, त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधी बरखेडा." तोही टाउनशिपचाच भाग!

"भाऊबंद वगैरे?"

"चहा थंड होतोय," सासरे म्हणाले.

काकांनी घरी येऊन रिपोर्ट दिला, "मुलगा उत्तम, नोकरी पक्की, क्वार्टर मोठं. फक्त आभाळातून पडल्यासारखा आहे." माझी आई म्हणाली, "पडू दे की. सासुरवास तरी होणार नाही."

लग्नात आमच्या बाजूने दोन बस भरून माणसं होती. वरपक्षाकडून आली ती ह्यांच्या वर्कशॉपची सकाळची 'ए' शिफ्ट! मामा म्हणून उभे राहिले पालघाटचे नायरसाहेब. विहिणीच्या मानाच्या पाटावर बॅनर्जींच्या मिसेसना बसवलं. विहिणीने रुसायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या उठल्या आणि सगळ्यांना भात वाढत सुटल्या. माझ्या आत्या अजून म्हणतात, एवढी चांगली विहीण आपल्या घराण्यात कुणाला मिळाली नाही.

*

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे. ते होते तोवर ह्यांनी दोनदा विचारलं होतं, आपण कुठून आलो म्हणून. दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "आपलं कुणी नाही," आणि उठून बागेला पाणी घालायला गेले. मग हार्ट अटॅकने अचानक गेले आणि विचारायला माणूसच उरला नाही.

वर्षश्राद्धाला गुरुजी आले. इथे एक सांगायला हवं, की हे कारखान्यात इन्स्पेक्शनला. लोखंडात केसाएवढी चीर दिसली तर अख्खा तुकडा परत पाठवायचा, हे ह्यांचं काम.

"वडिलांचं नाव?"

"विश्वनाथ."

"आजोबांचं?"

"केशव." एवढं शाळेच्या दाखल्यासोबतच्या एका जुन्या कागदावर होतं.

"पणजोबांचं?"

गुरुजींना पुढे आणखी दोन घरं होती. ते म्हणाले, "माहीत नसेल तर देवाचं नाव घ्या. चालतं."

"चालतं कसं? न बघितलेला पार्ट पास कसा करायचा?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी खिरीकडे बघितलं.

तेव्हापासून ह्यांची झोप गेली म्हटलं तरी चालेल. जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "एवढ्या मोठ्या देशात मी आणि अण्णा, दोनच खांबदोरे असूच शकत नाहीत." बाप समोर बसलेला असताना नेटाने विचारलं नाही, हे त्यांना आतून खात होतं. मला ते कळायचं आणि तरी चीड यायची. मी पण खांबदोरेच होते की घरात! पण मी मोजण्यात नव्हते.

*

ह्यांनी वंशावळ काढली ती ट्रेसिंग पेपरवर, शाईने, मशीनचं ड्रॉइंग काढतात तशी. खाली उजव्या कोपऱ्यात नंबर, स्केल, 'काढले', 'तपासले' असे रकाने. वर चार चौकोन. स्वतः, वडील, आजोबा आणि वरचा एक रिकामा.

दर वर्षी ते ड्रॉइंग काढून नवा रिव्हिजन नंबर टाकायचे. मी एकदा विचारलं, "बदललं काय ह्यात?"

"काही नाही."

"मग रिव्हिजन कसली?"

"काही बदललं नाही हे तपासलं, त्याची."

नऊ नंबरच्या रिव्हिजनला 'तपासले' ह्या रकान्यात मी सही केली. त्यांना वाटलं, मी मदत करतेय. मला फक्त जेवणाचं टेबल रिकामं हवं होतं.

*

त्या काळी रेल्वेत रिझर्व्हेशनच्या याद्या डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या असायच्या. भोपाळवरून दिल्लीकडच्या, मुंबईकडच्या, मद्रासकडच्या सगळ्या गाड्या जातात. ह्यांच्या डोक्यात आलं, की भारतातला प्रत्येक खांबदोरे आयुष्यात एकदा तरी भोपाळवरून जाणारच! मग दर रविवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन निघायचे ते थेट स्टेशनवर. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि डब्यामागून डबे वाचत जायचं.

एका रविवारी मुंबईच्या गाडीच्या यादीत खरंच सापडलं. खांबदोरे, पुरुष, वय अडतीस!

"माझ्याच वयाचा!" असं मोठ्याने म्हणून हे डब्यात चढले. बर्थ रिकामा. शेजारचे म्हणाले, "आते होंगे." हे समोर बसून राहिले. शिट्टी झाली, गाडी सुटली. आता सापडलेला माणूस सोडून उतरायचं कसं?

टीसी आला. "खांबदोरे?"

"जी, मैं खांबदोरे ही हूँ, लेकिन वो वाला नहीं."

"तो वो वाला कहाँ है?"

"उन्हीं का इंतजार कर रहा हूँ."

होशंगाबाद गेलं. इटारसीच्या अलीकडे ह्यांना आठवलं, की महिन्यापूर्वी ऑफिसने नाशिकच्या टूरसाठी ह्यांचं तिकीट काढलं होतं. टूर पुढे ढकलली गेली आणि तिकीट रद्द करायचं राहून गेलं. वय अडतीस, ते हेच! टीसीला खरं काय ते सांगितलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "तो भाईसाहब, आप आ चुके हैं."

हे संध्याकाळी घरी आले. मी विचारलं, "भाजी?"

म्हणाले, "इटारसीला चांगली नव्हती."

*

टूर मात्र हे हौसेने मागून घ्यायचे. दुसऱ्यांना बायकोपोरांना सोडून जाणं जिवावर यायचं. ह्यांना प्रत्येक गावात एक टेलिफोन डिरेक्टरी दिसायची. 'ख' उघडायचं, बोट खाली न्यायचं, बंद करायचं. नागपूरला ते बोट थांबलं. एक खांबदोरे, फोन नंबर, पत्ता, सगळं!

फोन लावला तर एका सिंधी बाईंनी उचलला. मूळ मालक घर विकून सहा वर्षांपूर्वी निघून गेलेले. फोन फक्त त्यांच्या नावावर राहिलेला.

"आप उनके कौन?" बाईंनी विचारलं.

हे खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "शायद भाई."

"शायद?" बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "अच्छा हुआ आपने फोन किया. अपनी तुलसी ले जाओ."

ते लोक जाताना तुळशीची कुंडी ठेवून गेले होते. कुणीतरी न्यायला येईल, असं सांगून. बाईंनी सहा वर्षं तिला पाणी घातलं होतं. आता अंगणात मोटार ठेवायला शेड घालायची होती. नवा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. पण कुंडी मात्र होती.

नागपूर ते भोपाळ, हे अख्खी रात्र मांडीवर तुळस घेऊन बसून आले. दारात बघून मी कपाळावर हात मारला. "माणसं आणायला गेला होतात ना?"

"सुरुवात तर झाली," हे म्हणाले. कुणाच्या घरची कोण जाणे, पण त्या तुळशीचं लग्न मी दर वर्षी लावलं. नवरीकडचं आणि नवऱ्याकडचं, दोन्हीकडचं सगळं मलाच करावं लागायचं. मुलीकडची माणसं कुठे आणणार?

*

मराठी मंडळात ही गोष्ट पसरली आणि कुणीतरी एका वंशावळवाल्याला आमच्याकडे पाठवून दिलं. कपाळाला गंध, बगलेत लाल कापडात बांधलेली पोथी. त्याने पोथी उघडली आणि धडाधड सुरू झाला. खांबदोरे म्हणजे मोठे सरदार, पाचशे घोडे, तीन किल्ल्यांची किल्लेदारी! मी चहा ठेवायला उठले. पाचशे घोडे म्हटल्यावर सोबत भजी पण तळायला घेतली.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ड्रॉइंग पुढे सरकवलं. रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे नाव काय?"

तो म्हणाला, "आपण सांगाल ते लिहून देतो."

कारखान्यात नापास मालाला लाल कागदी टॅग लावतात. ह्यांनी ड्रॉवरमधून एक काढला, त्यावर तारीख घातली, सही केली आणि पोथीला दोऱ्याने बांधून दिला. भजी आम्ही दोघांनीच खाल्ली.

*

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण रिटायरमेंट जवळ आली आणि क्वार्टर सोडायची नोटीस आली. टाउनशिपमध्ये कुणी रिटायर झालं की प्रश्न एकच, "कुठे जाणार?" नायरसाहेब पालघाटला गेले. बॅनर्जी कुटुंब बर्दवानला गेलं. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेली माणसं एकेक करून आपापल्या गावाला निघून गेली, जणू इतकी वर्षं नुसती ड्युटीला आली होती.

फेअरवेलला ह्यांच्या गळ्यात हार, हातात माइक. कुणीतरी खालून विचारलं, "सर, सेटल कहाँ हो रहे हैं?"

हे माइक धरून उभे. चाळीस सेकंद, पन्नास सेकंद. मग म्हणाले, "देखते हैं," आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

पुढचे चार महिने घर घ्यायचं नाव नाही. गाव सापडलं तर तिथेच घर बांधू, हा हट्ट. बांधलेल्या सामानाच्या खोक्यांतून नुसत्या येरझारा. शेवटी माझा तोल गेला. मी म्हटलं, "गाव सापडेपर्यंत काय फुटपाथवर बसवणार आहात मला? मला गाव आहे. ग्वाल्हेर. मी जाते!"

ते नुसते एका खोक्यावर बसले. ह्या माणसाला भांडून जायलासुद्धा दुसरं गाव नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि बोलल्याचं फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन अवधपुरीत घर ठरवून आले. कारखान्याच्या जवळ, भोंगा ऐकू येईल एवढ्यावर.

*

अवधपुरीत येऊन वर्ष होत आलं होतं. एका सकाळी स्वयंपाक अर्ध्यावर असताना गॅस संपला. वरण शिजत लावलेलं. सिलेंडर बुक करून आठ दिवस झाले होते, म्हणून हे एजन्सीत विचारायला गेले. थोड्या वेळाने तिथूनच फोन.

"अगं, आपला सिलेंडर गेला!"

"गेला म्हणजे?"

"एजन्सीवाला म्हणतो, खांबदोरे का तो सवेरे ही चला गया. सहीसुद्धा आहे. अगं, आपला सिलेंडर दुसऱ्या खांबदोऱ्याने नेला!" एवढ्या आनंदाने बोलताना मी त्यांना पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

"मग जा आणि भांडा!"

"भांडू कसा? भाऊबंद असेल!"

पत्ता आमच्याच मागच्या दोन गल्ल्या सोडून होता. मला घरून घेतलं आणि आम्ही दोघं गेलो. दार उघडलं एका तरुण मुलाने. नितीन नाव, मंडीदीपला एका फॅक्टरीत नोकरी, सहा महिन्यांपूर्वी इथे भाड्याने राहायला आलेला. आम्हाला बघून ओशाळला. "सॉरी काका, दोन्ही आडनावं सारखी आहेत हे नंतर कळलं. आत्ता उचलून आणून देतो."

"सिलेंडर राहू दे," हे म्हणाले. "तुमचं गाव कुठलं?"

"वर्धेकडे. पण जुनं सगळं आजोबांना माहीत. या ना आत."

आत खाटेवर आजोबा बसले होते. डोळ्यांना काळा चष्मा. गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आणलेलं, चारच दिवस झालेले. नितीनची बायको पल्लवी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "फार बोलवू नका हं त्यांना. वाकायचं नाही, रडायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"कोन व्हय?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, हे पण खांबदोरे आहेत."

"आपल्यातलं भोपाळात कोनी नाही."

हे खाटेजवळ खालीच बसले. "माझ्या वडिलांचं नाव विश्वनाथ. आजोबांचं केशव."

आजोबा म्हणाले, "आन् केशवच्या बापाचं?"

"तेच पंचवीस वर्षं शोधतोय."

"गोविंद."

ह्यांनी खिशाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा खिशात पेन्सिल नव्हती.

"केशव माहा बाप," आजोबा सांगायला लागले. "विश्वनाथ माहा दादा. मी सात वर्षांचा होतो. दादा जेवता जेवता उठला आन् ताट तसंच ठेवून चालला गेला. काहून गेला, कोनाले मालूम नाही. मायनं बारा वर्षं वाट पाह्यली. मंग गुरुजी म्हने, आता झालं, आता त्याचं करून टाका. पळसाच्या पानायचा मानूस केला, नदीवर नेला. आग मीच देल्ली. तेराव्याले सारा गाव जेवला."

ह्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही किती वर्षांचे होतात तेव्हा?"

"एकोनीस."

"आणि आता?"

"एक्क्याऐंशी."

इन्स्पेक्शनचा माणूस, वजाबाकी लगेच झाली. "म्हणजे माझ्या जन्माच्या एक वर्ष आधी."

पल्लवी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. "म्हणजे आधी वडिलांचं तेरावं आणि मग मुलाचा जन्म?" कुणीच हसलं नाही. तिने कप आजोबांच्या हातात दिला.

आजोबांनी एक घोट घेतला. मान ह्यांच्या आवाजाकडे वळवली. "दादा कुठं हाये आता?"

मीच सांगितलं, "अण्णा गेले. सव्वीस वर्षं झाली."

आजोबांनी कप खाली ठेवला. भिंतीला हात लावत उठले आणि सावकाश बाथरूमकडे गेले. आम्हाला वाटलं, असंच गेले असतील. मग बादली सरकल्याचा आवाज आला, आणि पाण्याचा.

"आजोबा! डोक्यावरून नाही!" नितीन धावला.

दार उघडंच होतं. आजोबा अंगातल्या कपड्यांसकट पाटावर बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा तसाच. तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतत होते.

पल्लवीने त्यांचा हात धरला. "अहो आजोबा, काय करताय हे! त्यांचं सगळं तर तुम्ही कधीच केलंय ना?"

आजोबांनी हात सोडवून घेतला आणि आणखी एक तांब्या भरला.

"तवा पानाचा जाळला होता व माय," ते म्हणाले. "दादा आज गेला."